आमच्याकडं असतं ते

‘आई’ असं नाव आपण जिला दिलं आहे, ती स्त्री या फोटोंमध्ये कडेला उभी आहे. आपण दुसऱ्याच एका स्त्रीच्या मांडीवर आहात. आई म्हणून कोणाला धरू?

एवढंच विचारून तो थांबला. खाली रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ. मी उत्तर टाइप करायला बोटं उचलली आणि ती तशीच वर राहिली, पेटीवाल्याला सूर आठवू नये तशी. प्रश्न अदबीने विचारलेला होता. त्यात खोचकपणा नव्हता, मला काही कळावं असा हेतूही नव्हता. मी सांगितलेलं काम त्याने केलं होतं आणि कामात एक अडचण आली होती. काउंटरवरचा नवा माणूस विचारतो ना, साहेब, या नावाचे दोघं आहेत, कोणता घेऊ? मी स्वतः पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं हाच प्रश्न लोकांना विचारत आलो आहे. कुणाची बोटं अशी हवेत राहिली असतील, असं कधी वाटलं नव्हतं.

काम सायलीने लावून दिलं होतं. माझी मुलगी, पुण्यात शिकते. पुढच्या रविवारी आजीची पंच्याहत्तरी, इथेच जेल रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि ती आजीवर फिल्म करते आहे. “पप्पा, सुरुवातीला तुम्ही आजीच्या मांडीवर, एकदम छोटे, असा एक तरी फोटो लागेल. त्याशिवाय फिल्म सुरूच होत नाही.” दिवाळीत तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीतले सगळे जुने फोटो मोबाइलवर उतरवून माझ्या ऑनलाइन खात्यात टाकले होते आणि आता लॅपटॉपवरच्या या मदतनिसाला तिथं जायची वाट करून दिली होती. “तो सगळे फोटो एकदम उघडत नाही हं. आधी छोटे छोटे बघतो, पोस्टाच्या तिकिटाएवढे. लागलं तर तुम्हाला विचारून मोठा करतो. तुम्ही फक्त नीट सांगा काय हवंय.” मी नीट सांगितलं होतं. आईच्या मांडीवरचे माझे फोटो शोध. सोपं वाक्य. आईच्या. मांडीवरचे. माझे.

चौकट रिकामीच ठेवून मी ते फोटो बघायला लागलो. त्याने ते ओळीने लावले होते. काळेपांढरे, कडा खाल्लेले. तिकिटाएवढं माझं डोकं, त्यावर भलं मोठं टोपडं, गालावर काळा तीट, डोळ्याएवढाच मोठा. आणि मला धरून बसलेली लतामावशी. लताबाई. सायखेड्याला असताना आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, बुद्धविहाराच्या अंगाला राहायची. तिचे यजमान मल्हारीकाका नाशिक रोडला एका फोटो स्टुडिओत कामाला होते, शनिवारी मालकाचा कॅमेरा गळ्यात घालून गावी यायचे. फोटो त्यांनीच काढलेले, हे मला माहीत होतं. ते घरात आले की एक आंबट, नाकात चढणारा वास यायचा, फोटो धुण्याच्या पाण्याचा; काका त्याला हायपो म्हणत. मावशीच्या पदरालाही तोच वास. माझ्या लहानपणाला तो वास आहे. मातीचा नाही, दुधाचा नाही, हायपोचा. हे सगळं मला ठाऊक होतं. फोटोही मी शंभरदा बघितलेले. तरी मी त्यांत काय बघत होतो इतके दिवस? स्वतःकडे बघत असणार. माणूस जुन्या फोटोत आधी स्वतःला शोधतो आणि सापडला की बघणं थांबवतो. आणि हा, ज्याला मी कोण, ती कोण, कशाशीच घेणंदेणं नाही, त्याने कडेला बघितलं. कडेला आई होती. कुठे अर्धी, कुठे पदराचा नुसता काठ, कुठे अजिबात नव्हती.

नाही, आधी शाळेच्या फाटकातली गोष्ट सांगायला हवी. पहिलीत नाव घालायच्या दिवशी आई मला घेऊन आली होती. घेऊन म्हणजे तिचं बोट धरून नाही, ती पुढे आणि मी मागे. मास्तरांनी माझ्याकडे बघून म्हटलं, “चुणचुणीत दिसतोय की. तुझा का गं हा, कुसाबाई?” आईने मान वळवून रस्त्यावरच्या बैलगाडीकडे बघितलं आणि म्हणाली, “आमच्याकडं असतं ते.”

आमच्याकडं असतं ते. शेजारच्याची शेळी काही दिवस आपल्या गोठ्यात बांधलेली असावी तसं. मास्तर हसले, त्यांना कळलं असावं. मला कळलं नाही आणि मी ते वाक्य गिळलं, चिंचोका गिळतात तसं, आणि ते आत कुठेतरी राहिलं. पुढे कुणी कौतुक केलं की आईचं हेच. चौथीत पहिला आलो: आमच्याकडं असतं ते. शिकायला नाशिकला वसतिगृहात निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीतून मी बघत होतो आणि ती पाठमोरी उभी राहून एका अनोळखी बाईला तिच्या कोंबड्यांचा भाव विचारत होती. माझ्या लग्नात संजनाच्या आईने संजनाला पोटाशी धरलं, सगळा मांडव रडला. माझी आई पंगतीत मीठ वाढत होती. तिने मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. पण बसली ती उशाशी. अंगावर हात ठेवला असेल तर मी झोपेत असताना. मोठेपणी मी यावर एक समजूत बांधून घेतली होती की कष्टाच्या बायका अशाच असतात, त्यांना माया दाखवता येत नाही. चांगली समजूत होती. तिच्यावर मी पन्नाशीपर्यंत आलो. नाव मात्र कधी आवडलं नाही. कोंडाजी. ऑफिसात मी के. डी. नाव कुठून आलं, असं विचारलं की आई म्हणायची, पणज्याचं.

आई म्हणून कोणाला धरू? रेघ लुकलुकत होती.

मी मावशीला फोन लावला. ती आता इथेच, स्टेशनच्या पलीकडे सनीकडे असते. सनी तिचा मुलगा, माझ्याहून धाकटा. मल्हारीकाका गेले त्याला बरीच वर्षं झाली.

“बोल राजा. रविवारचा मेनू सांगायला फोन केला व्हय? वांग्याचं भरीत असंल तर मी येनार नाय, आधीच सांगते.”

“मावशी, जुने फोटो बघत होतो. सगळ्यात मी तुझ्याच मांडीवर आहे.”

“मग कोनाच्या बसनार?”

“आईच्या.”

 पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“कुसाबाईनं सांगितलं नाय तुला? अजून?”

“काय?”

“अरे, तू माझा हायेस.” आणि ती हसली, दात नसल्याचं, मोकळं, फसफसणारं हसू. “इकत घेतलेला. मूठभर कोंडा दिलाय मी तुझा. गव्हाचा, चाळलेला, चांगला. नाव काय उगंच पडलं का?”

 ती सांगत गेली, मध्येच नातवाला चप्पल काढ म्हणत, मध्येच खोकत. माझ्याआधी आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. मी झालो तेव्हा आजीने कुणाचं तरी ऐकून ठरवलं, हे आपलं म्हणायचंच नाही. पाचवीच्या दिवशी मला सुपात घालून दोघी लताबाईच्या दारात आल्या.

“आमच्याच दारात का, ते सांगू? सटवी पाचवीला नशीब ल्ह्यायला येती ना, तिला घर सापडू नये म्हनून. आन आमच्या घरात ती पाऊल टाकनार नाय, असा तुमच्या आजीचा हिशोब. इटाळ व्हईल ना तिला!” पुन्हा हसली. मला हसता आलं नाही. कानाजवळचा फोन गरम झाला होता. “सनीचे पप्पा असे भडकले. म्हनले, हे देवबिव आपन सोडलं म्हनून मानसात आलो, आता हे लोक आपलीच विटंबना घेऊन आपल्याच दारात? हाकल त्यांना.”

“मग?”

“मग काय. सुपात तू रडत व्हता. बोंबलत व्हता नुसता. आन तुझी आई पायरीच्या खाली. ओली बाळंतीन, थरथर कापती. मी म्हनलं, घेते. पन आधी आत ये. आमच्या चुलीपाशी बस, आमच्या माठातलं पानी पी, मग घेते तुझं पोरगं. तुझ्या आजीनं तोंड फिरवलं, ती गल्लीतच उभी राहिली. तुझी आई आली. तांब्या तोंडाला लावून प्याली. घटाघटा. सनीचे पप्पा बघत राहिले, मग बाहेर जाऊन बिडी पेटवली. मी मूठभर कोंडा तिच्या पदरात टाकला आन तुला उचलला. मग दूध पाजायला तिच्याकडंच दिला, पन माझा म्हनून.”

“तू हे सगळं मानत नव्हतीस ना?”

“मानती कशाला? आजूनबी नाय मानत. पन हातात पोरगं दिलं की कोन नाय म्हनतं रे?”

मला काहीतरी बोलायचं होतं. आभार हा शब्द मनात आला आणि त्याची लाज वाटली. आजीच्या हिशोबाबद्दल बोलावं, तर तोही माझ्या जिवासाठी मांडलेला आणि मी त्याच हिशोबातून उरलेला. ज्या दाराला नीच ठरवलं त्याच दारातून मी जगात आलो, आणि त्या दारातल्या बाईने अट काय घातली, तर पाणी पी. “मावशी,” मी म्हणालो आणि नाक पुसलं.

“आता रडू नको फोनवर, पैसे पडत्यात.” पैसे पडत नाहीत हे तिला माहीत आहे. “फोटोचं म्हनशील तर सौदा सौदाच. पोरगं माझं, तर बसनार माझ्याच मांडीवर. सनीचे पप्पा म्हनायचे, कुसाबाई, सरका जरा, फोटोत या. ती अर्धीच यायची.”

“मग आईने मला परत कधी घेतलं?”

“ते तिलाच इचार,” मावशी म्हणाली आणि टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.

बाल्कनीत आई हरभरा सोलत बसली होती. संजनाने जुडी आणलेली. थंडीतलं अकराचं ऊन, आईची पाठ माझ्याकडे, मानेवर पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा. घाटा फुटल्याचा बारीक आवाज येत होता, टप्, मग दाणा ताटात. मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही. ज्या बाईला मी इतकी वर्षं माया दाखवता न येणारी ठरवलं होतं, तिच्यासमोर एकदम उभं राहायची हिंमत नव्हती, आणि माझ्या समोर एक जण होता ज्याला हिंमत लागत नव्हती. मी चौकटीत लिहिलं:

या फोटोंपैकी एखाद्यात ही कडेची स्त्री मला हात लावते आहे का?

थोडा वेळ गेला. तो तिकिटाएवढे फोटो पुन्हा चाळत असेल, मी कल्पना केली. एखादा म्हातारा कारकून भिंग लावून, न कंटाळता.

लहान आकारात मला तसं दिसत नाही. ती प्रत्येक वेळी थोडी दूर आहे. पण तीन फोटोंमध्ये बसलेल्या स्त्रीच्या पदराखाली काहीतरी आहे, जे मला नीट ओळखता येत नाही. ते फोटो मोठे करून पाहू का?

पाहा, मी लिहिलं. मी त्याला अहोजाहो करत होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मोठ्या आकारात असं दिसतं: मांडीवरच्या बाळाचा डावा पाय पदराखाली गेला आहे. तिथे एक हात आहे. तो बसलेल्या स्त्रीचा नसावा, कारण तिचे दोन्ही हात बाळाच्या छातीशी आहेत. हाताची दिशा कडेला उभ्या, किंचित वाकलेल्या स्त्रीकडे जाते. मनगटावर तिच्यासारख्याच बांगड्या आहेत. मला पूर्ण खात्री देता येत नाही, पण तिने बाळाचा पाय धरला असावा. तिन्ही फोटोंत तोच पाय.

त्याने फोटो समोर ठेवला. मी बघितला. मल्हारीकाकांना दिसलं असणार. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला दिसतंच. त्यांनी सरका, फोटोत या म्हटलं, आणि ती आली नाही तेव्हा होतं तसं चापावर बोट दाबलं, सौद्याच्या आतली ही चोरी जशीच्या तशी ठेवून. बटणाएवढ्या चार बोटांच्या पेरांमध्ये माझी टाच. मी टेबलाखाली डावा पाय उजव्या पायावर चढवला. टाच भेगाळलेली, हिवाळ्यात होते तशी. तिथे काही आठवतंय का, मी थांबून बघत राहिलो. काही आठवलं नाही. कातडीला आठवत असतं म्हणतात, तसं काही झालं नाही. फक्त टाच होती आणि तिच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

लॅपटॉप उचलून बाल्कनीत गेलो. आईच्या समोर पाटावर बसलो. तिची बोटं हरभऱ्याच्या आंबेने ओली झालेली, आंबट वास येत होता. तोच नाही, पण त्या वासाच्या जवळचा.

“लतामावशीशी बोललो.”

टप्. “काय म्हनती?”

“मूठभर कोंडा म्हणाली.”

आईचा हात थांबला नाही. तिने दाणा टाकला, टरफल बाजूला ठेवलं, दुसरा घाटा घेतला. “तोंड लय सैल तिचं. आधीपास्नं.”

“मला परत कधी घेतलंस?”

“नाय घेतला.”

“म्हणजे?”

“जावळाच्या दिवशी घ्यायचा व्हता. सूप भरून कोंडा नेला व्हता, लताबाईला लुगडं बी नेलं. तिच्या उंबऱ्यापतुर गेले. ती म्हनली, घे बाई, तुझं तुला. आन तू अंगनात खेळत व्हता. नागडा, धुळीत. हसत व्हता.” तिने घाटा फोडला, आत किडका दाणा निघाला, तो तिने दूर भिरकावला. “मला वाटलं, चाललंय ना ब्येस. कशाला हात लावायचा? लुगडं दिलं, पानी प्याले, आन कोंडा येताना कोंबड्यांना टाकला.”

“आई, पण एवढी वर्षं? मी पन्नाशीला आलो.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांवर मोतीबिंदूची निळसर साय आहे, त्यामुळे ती बघते तेव्हा दोन्हीकडून बघते, इथून आणि लांबून.

“मग? आलास ना पन्नाशीला?”

मी ताटातले दाणे उगाच सारखे केले.  एक बाई रोज सकाळी उठून आपलं पोर आपलं नाही असं जगाला सांगते, मास्तरांना, एसटी स्टँडवरच्या बाईला, मांडवाला, स्वतःच्या दोन्ही हातांना. आणि रोज संध्याकाळी ते पोर जिवंत असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला हवं. ती हे थांबवणार कुठे? कुठल्या दिवशी तिने म्हणायचं होतं, आता पुरे, आता धोका संपला? हे खरं की खोटं, सटवी असते की नसते, हा माझा शिकलेला प्रश्न तिच्या पंच्याहत्तर वर्षांपुढे नेऊन ठेवायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली काहीतरी सैल होत गेलं. तो गिळलेला चिंचोका. तो काही विरघळला वगैरे नाही. पण तो चिंचोका नव्हताच, कुणीतरी माझ्या आत लपवून ठेवलेला दागिना होता, चोराला सापडू नये म्हणून, असं वाटून मला बाल्कनीत, उन्हात, टरफलांच्या ढिगासमोर हसू आलं.

“हे बघ,” मी पडदा तिच्यापुढे धरला. “हा हात कुणाचा?”

तिने बोटं पदराला पुसली आणि वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग मान वर न करता म्हणाली, “कोनी काढलं हे?”

“मल्हारीकाकांनी.”

“ते नाय. आता कोनी काढलं शोधून?”

“सायलीने एक मदतनीस दिलाय. यंत्र आहे.”

“डोळे लय तिखट हायेत त्याचे. त्याला म्हनावं, गप ऱ्हा.” ती खरोखर घाबरली होती. “हे हालमधी पडद्यावर लावू नको. येवढं मोठं करून. कोनीबी बघंल.”

कोणीही म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

“मग सायलीला कुठला देऊ? तिला मांडीवरचाच हवाय.”

“हाच दे. पन बारका दे, जसा हाय तसा. लताबाईच्या मांडीवरचा. आन रविवारी तिला माझ्या शेजारी बसव, पुढच्या खुर्चीत. तिला पानी आधी द्यायचं, मग बाकीच्यांना.”

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. प्रश्न अजून तिथेच होता, वर सरकलेला. मी त्याच्याकडे उतरत गेलो. आई म्हणून कोणाला धरू? मी लिहिलं: लताबाई. मग लिहिलं, फोटो मोठा करू नका, लहानच पाठवा. त्याने लगेच उत्तर दिलं की तसं करतो, कडेच्या स्त्रीचं ‘आई’ हे नाव काढून टाकू का? मी तिच्याकडे बघितलं. ती पुन्हा सोलायला लागली होती. नको, मी लिहिलं, राहू द्या, ते कुणाला दाखवू नका. ठीक आहे, तो म्हणाला. मला त्याचे आभार मानायचे होते, मानलेही. तो काय करतो आभारांचं, माहीत नाही.

हरभरा बराच उरला होता. मीही सोलायला घेतला. पाट आखूड, म्हणून पाय लांब करून बसलो, आणि टरफलं ठेवायला आईने आपला पदर आमच्या दोघांमध्ये पसरला. समोरच्या बिल्डिंगमधल्या दीपमालाताई कपडे वाळत घालायला गॅलरीत आल्या. त्यांनी चिमटा तोंडातून काढून हाक मारली, “काय आजी, मजा आहे! मुलगा हरभरा सोलून देतोय!”

“कोनाचा मुलगा?” आई त्यांच्याकडे बघत ओरडली. “आमच्याकडं असतं ते.”

आणि पदराखाली तिच्या आंबट, ओल्या बोटांनी माझी टाच घट्ट धरली होती.